पन्नासातले पाच तास

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो वाणिज्य शाखेचा असो की मराठीचा, पर्यावरण हा विषय घ्यावाच लागतो. याचं मूळ एका खटल्यात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करा. आदेश झाला, अंमलबजावणी मात्र रेंगाळली. मेहता पुन्हा न्यायालयात गेले आणि २००३ च्या डिसेंबरातल्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराच भरूचा यांनी. ते पेशाने सर्जन, आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था त्यांनी उभी केली.

त्या अभ्यासक्रमात घटक आठ आणि तास पन्नास होते. पहिले सात घटक वर्गात बसून शिकायचे, त्याला पंचेचाळीस तास. आठवा घटक बाहेरचा : नदी, टेकडी, शेत पाहायचं, प्रदूषण झालेली जागा पाहायची, झाडं, किडे, पक्षी ओळखायचे. त्याला पाच तास. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट आणली, तिच्यात हवामानबदल आला, क्षेत्रकार्यावर भर आला. पण महाविद्यालयांच्या वेळापत्रकात जुनीच वाटणी मुरलेली आहे. बाहेरच्या कामाचं काय होतं? एक दिवस बस ठरते, कुठल्या तरी धरणावर जाऊन यायचं, आणि मग सगळ्यांच्या वहीत एकच अहवाल उतरवलेला सापडतो.

मी इगतपुरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. भूगोलाच्या मॅडम म्हणून पर्यावरणाचा पेपरही माझ्याकडेच आला. माझं ठाम मत असं, की हा विषय त्या पाच तासांतच आहे आणि उरलेले पंचेचाळीस तास त्यांच्या तयारीसाठी आहेत. त्यासाठी बस ठरवायचीही गरज नाही. कॉलेजच्या फाटकाच्या आत छप्पर आहे, विहीर आहे, झाडं आहेत, कँटीन आहे, वीजबिल आहे. गावात जे जे प्रश्न असतात, ते सगळे लहान आकारात इथे हजर असतात, आणि त्यांची कागदपत्रं कार्यालयातल्या कपाटात असतात.

इगतपुरीत तर हे फारच खरं आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथून सिन्नरकडे जावं तसा तो झपाट्याने घटत जातो. तालुक्याच्या एका अंगाचं पाणी दारणेतून गोदावरीला मिळतं, नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीतून पुढे जायकवाडीकडे जातं. नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, ठरलं. दुसऱ्या अंगाचं पाणी वैतरणेत उतरतं आणि मुंबईच्या नळांना येतं. दारणा, मुकणे, भावली, भाम, वैतरणा अशी धरणांची नुसती रांग आहे. दारणा धरण तर १९१६ सालचं. आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर टँकर चालतात, बाया झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी उपसतात.

कारण पायाखाली आहे. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसाल्टचा. या दगडात वाळूच्या थरासारखं पाणी साठत नाही. वरची झिजलेली माती-मुरूम आणि खालच्या कातळातल्या भेगा, एवढीच त्याची जागा. ती जुलैतच भरून जाते. उतार तीव्र, त्यामुळे पुढचा सगळा पाऊस वाहून जातो. मुरलेलं पाणीही डोंगराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं आणि होळीच्या सुमाराला झरे आटतात. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं तर मुलं उतरवून घेतात. कॉलेजच्या मागच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे नेऊन थरांमधून पाझरणारं पाणी हाताला लावून दाखवलं, की ते परत कधी समजवावं लागत नाही.

माझा पहिला पाठ छपराचा असतो. झड लागलेली असते, बाहेर धुकं, वर्गात दिवसाही दिवे. मुलांना लांब टेप देते आणि एका इमारतीची लांबी-रुंदी मोजून आणायला सांगते. मग एकच गोष्ट सांगते : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होतं. पुढचं गणित त्यांचं त्यांनी करायचं. छप्पर हजार चौरस मीटरचं धरा, पाऊस तीन हजार मिलिमीटर. गुणाकार येतो तीस लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलेलं असं सगळं वजा करून पाचवा हिस्सा कमी केला तरी चोवीस लाख उरतात. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे दोनशे चाळीस टँकर. एका छपरावरून.

वर्गात पहिल्यांदा शांतता पसरते ती इथे. मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, मग मे महिन्यात आपण पाणी विकत का घेतो?"

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. तो पुढच्या पंधरा दिवसांचा अभ्यास असतो. कार्यालयातून टँकरची बिलं मागायची. विहिरीत दर आठवड्याला दोरी सोडून पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. किती मुलं, माणशी किती पाणी, ते मोजायचं. हजार मुलं आणि माणशी दहा लिटर धरले तर रोज दहा हजार लिटर, म्हणजे रोजचा एक टँकर. मार्च ते मे या काळातले कामाचे पंचाहत्तर दिवस धरले तर साडेसात लाख लिटर साठवावे लागतील. वीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी टाकी. मुलं मैदानावर चुना टाकून तेवढा चौकोन आखतात आणि त्याच्या कडेने चालतात. टाकीला लागणारी जागा, सिमेंट, पैसा हे सगळं त्या चालण्यात कळतं. पाऊस भरपूर आहे, अडचण तो ठेवायच्या जागेची आहे, हेही तेव्हाच कळतं.

मग वाद सुरू होतात, आणि मला तेच हवे असतात. एक गट म्हणतो, एवढी मोठी टाकी नको, बोअरमध्ये पाणी सोडू. दुसरा विचारतो, बेसाल्टमध्ये ते थांबणार किती? त्र्यंबकच्या बाजूच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. त्या दिवशी त्याने सांगितलं, की त्यांच्या पाड्यावर झऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणले तेव्हापासून झिरा जास्त दिवस टिकतो, पण कुठे खणायचे ते म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरवलं होतं. सगळ्या वर्गाने त्याचं ऐकलं. आमच्या विषयाचं शास्त्र आणि त्याच्या पाड्याचं शहाणपण त्या तासाला एका जागी आलं.

यातून सगळं साध्य झालं असं सांगणार नाही. साडेसात लाखांची टाकी झालेली नाही. पण एका इमारतीच्या पन्हळी जोडल्या गेल्या, खाली वाळू-कोळशाची गाळणी आली आणि ते पाणी स्वच्छतागृहांना आणि बागेला वापरलं जातं. वरची टाकी भरून वाहायची, तिला तरंगता कॉक बसला. तोही मुलांनी लिहून दिलेल्या पानभर अर्जामुळे. अर्जात मागणी होती, आकडे होते आणि खर्चाचा अंदाज होता. संस्थेच्या लोकांसमोर उभं राहून हे मांडायला दुसऱ्या वर्षाची मुलगी शिकते, ही त्या कॉकपेक्षा मोठी गोष्ट आहे. उद्या ती ग्रामसभेत उभी राहील.

झाडांचं काम वेगळंच आहे. तिथे मी विद्यार्थिनी असते. आमच्या वर्गात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी मुलं आहेत. आवाराच्या कडेला पहिल्या पावसात काय काय उगवतं ते त्यांना नावानिशी ठाऊक : टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं. चाईचा मोहोर कधी काढायचा, शेवळं खाजू नये म्हणून त्यात काय घालायचं. कॉलेजच्या बागेतल्या झाडांची यादी केली तेव्हा गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प हीच जास्त निघाली, सगळी बाहेरून आलेली. गुलमोहर तर मादागास्करचा. कुंपणाच्या पलीकडच्या डोंगरावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर आणि त्यांच्याखाली कारवी. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग मरते. एखाद्या तुकडीतल्या मुलांना ती पाहायला मिळेल न मिळेल, म्हणून आम्ही नोंदवही ठेवली आहे. या तुकडीने लिहायचं, पुढच्या तुकडीने वाचायचं.

आता राबाविषयी सांगते, कारण तो माझ्या सगळ्यात जवळचा पाठ आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी शेताच्या एका तुकड्यात शेण, पालापाचोळा, गवत, काटक्या पसरून मे महिन्यात पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तणाचं बी जळतं, राखेने रोप जोमाने येतं. आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, की पाला जाळू नये, त्याने हवा बिघडते, जमिनीतला कर्ब जातो. हा धडा मी वाचून दाखवला तेव्हा एका मुलाने सरळ विचारलं, "म्हणजे आमचे आजोबा इतकी वर्षं चुकीचं करतात का?"

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही कॉलेजच्या मागे दोन वाफे केले. एकात राब भाजला, दुसऱ्यात कंपोस्ट टाकलं, दोन्हीत इंद्रायणी भाताचं बी. राबाच्या वाफ्यात तण स्पष्टच कमी आलं. आजोबांच्या पद्धतीला कारण आहे, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण राबासाठी किती फांद्या तोडाव्या लागतात तेही मोजलं, आणि त्या कोणत्या झाडांच्या तेही. मग नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्राची माहिती काढली. त्यात गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. नांगरणी, चिखलणी, रोपांची आवणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात. मुलं ही माहिती घरी घेऊन गेली. काहींच्या घरी ऐकून घेतलं, काहींच्या घरी नाही. जुलैत आवणीला वर्ग अर्धा रिकामा असतो. ज्या मुलांची कंबर चिखलात वाकते, त्यांच्याशी शेतीविषयी बोलताना पाठ्यपुस्तकाने आवाज खाली ठेवावा.

वीजबिलाचा पाठ त्या मानाने सोपा. जुना ट्यूबलाइट चोकसकट पन्नास वॅटच्या आसपास घेतो, एलईडी वीस. एका वर्गात सहा दिवे, दिवसाला सहा तास. जुन्यांना १.८ युनिट लागतात, नव्यांना ०.७२. आपल्या देशात बरीचशी वीज कोळशाची, म्हणून एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका वर्गात रोज पाऊण किलो वाचतो. सगळ्या वर्गांचा गुणाकार वाणिज्यची मुलं करतात, आणि बदलाचा खर्च किती महिन्यांत फिटेल तेही तीच काढतात. सौर पॅनेलचं नाव निघालं की मी त्यांना जुलैतलं आकाश दाखवते. इथे पावसाळ्यात पॅनेलची वीज खूप घटते, उन्हाळ्यातली जादा वीज ग्रिडला देऊन हिशोब जुळवावा लागतो. नागपूरचं उत्तर इगतपुरीत जसंच्या तसं लागू पडत नाही. कंपोस्टचंही तसंच. पुस्तकातला खड्डा इथे जूनमध्ये पाण्याने भरतो. आम्हाला जमिनीच्या वर, पत्र्याखाली विटांचा हौद बांधावा लागला.

इगतपुरीतल्याच महिंद्रच्या इंजिन कारखान्याला २०१९ मध्ये देशातला पहिला प्रमाणित कार्बन-न्यूट्रल कारखाना म्हणून मान मिळाला. जेवढा कार्बन बाहेर जातो तेवढा कमी करून किंवा भरून काढून हिशोब शून्यावर आणायचा, असा त्याचा अर्थ. मुलं त्या कारखान्यावरून रोज येतात-जातात, त्यातली काही पुढे तिथे कामालाही लागतील. कारखान्याला जे मोजता येतं ते महाविद्यालयाला का येऊ नये, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. परदेशात याला वळण मिळालं हे खरं. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालवार या गावी जगातल्या बावीस विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि विद्यापीठाने आपल्या आवारापासून सुरुवात करावी असा जाहीरनामा त्यांनी काढला. पण आवार हीच शाळा, हा विचार महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली, तीच नई तालीम. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या वसतिगृहांत मुलं शेती करत, खणत, बांधत शिकली. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा व शिका' या तत्त्वावर उभं राहिलं. फरक इतकाच, की त्या मुलांना गरिबीमुळे घाम गाळावा लागला, आणि आमच्या मुलांनी तो समजून-उमजून गाळावा असं मला वाटतं.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ पाहा. १९६२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा सागरमाळावरचं ते आवार बहुतेक उघडंबोडकं होतं. ८५३ एकरांचा तो माळ झाडीने भरला. पुढे तलाव, विहिरी, शेततळी यांच्या जोरावर विद्यापीठ पाण्याची आपली गरज बरीचशी आपणच भागवू लागलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा ठप्प झाला तेव्हा याच विद्यापीठाने कोल्हापूरकरांना प्यायचं पाणी दिलं. शैक्षणिक आवार शहराच्या उपयोगी पडू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता एक तक्रार. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यमापनात हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण यांना गुण आहेत. ही चांगली सोय आहे. पण बऱ्याच ठिकाणी हे काम बाहेरच्या सल्लागाराला देतात. तो एका दिवसात फेरी मारतो, गुळगुळीत कागदावर अहवाल येतो आणि फाइलला लागतो. ज्या मोजणीतून मुलं वर्षभर शिकली असती, ती पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतली जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांनी न केलेलं हरित लेखापरीक्षण नॅकने मोजूच नये. प्रमाणित करायला तज्ज्ञ हवा, हे मान्य. मोजायला मुलंच हवीत.

अडचणी आहेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पंधरा दिवसांचा प्रकल्प चालवायला कोण वेळ देणार? मुलींना चारची एसटी पकडायची असते, ती चुकली तर पुढची अंधारात. पण हे काम सगळ्यांत वाटलं तर हलकं होतं. रसायनशास्त्राने विहिरीच्या पाण्याचा जडपणा तपासावा, संख्याशास्त्राने पावसाच्या नोंदी मांडाव्यात, वाणिज्यने बिलं पाहावीत, मराठीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या पाणवठ्यांच्या आठवणी लिहून आणाव्यात. आणि शिपाई मामांना, सफाई करणाऱ्या मावशींना यात आधी घ्यावं. कुठला नळ गळतो आणि कँटीनमागे रोज काय टाकलं जातं, हे त्यांच्याइतकं प्राचार्यांनाही माहीत नसतं.

५ जून २०२५ रोजी, पर्यावरण दिनीच, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आता मुंबई आणखी जवळ आली आहे. डोंगरांच्या उतारांवर प्लॉट पडताहेत, रिसॉर्टं उभी राहताहेत, बोअर खोल जाताहेत. या जमिनी विकायच्या की नाहीत, झऱ्याच्या वर बांधकामाला ना-हरकत द्यायची की नाही, हे पुढच्या दहा वर्षांत जी माणसं ठरवतील ती आज माझ्यासमोरच्या बाकांवर बसली आहेत.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलामुलीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा निकाल आणि फी विचाराच, पण त्याबरोबर एवढंही विचारा : गेल्या वर्षी या कॉलेजने किती पाणी विकत घेतलं, वीजबिल किती आलं, कचरा कुठे जातो, आणि हे आकडे इथल्या विद्यार्थ्यांनी काढले आहेत का? दहा पालकांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल. आणि माझ्या शिक्षक मित्रांनो, येत्या जूनमध्ये पहिल्या तासाला पुस्तक उघडण्याआधी मुलांच्या हातात टेप द्या आणि त्यांना छप्पर मोजायला पाठवा.